नऊ नंबरचा दगड

संग्रहालय सकाळी दहाला उघडतं. आम्ही नऊ चाळीसलाच दारात उभे होतो. फौज सोडून अकरा वर्षं झाली, पण कुठंही वीस मिनिटं आधी पोचायची खोड सुटत नाही. माझी बायको मंगल म्हणते, "यमाकडंही हे वेळेआधीच जातील अन् बाहेर बाकावर बसून राहतील." प्रवासानं तिचे गुडघे धरले होते, म्हणून ती धर्मशाळेतच थांबली. दारात आम्ही दोघंच होतो, मी आणि शोभा.

शोभा म्हणजे लान्स नायक सुदाम साळवेची धाकटी बहीण. आमच्या शहरात, गुलमंडीच्या एका गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. सुदाम माझ्या हाताखाली होता. राजस्थानातल्या या लहानशा गावाच्या पलीकडं, सरहद्दीच्या बाजूला, जमिनीतले सुरुंग काढताना तो गेला. त्याला चोवीस वर्षं झाली. आम्ही फौजेत सुरुंगाला माईन म्हणतो, पुढं तोच शब्द वापरतो.

"दादा, मला ती जागा एकदा दाखवा," असं शोभा दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी मी काहीतरी कारण काढायचो. कधी ऊन फार, कधी परवानगी मिळत नाही, कधी मंगलचे गुडघे. गेल्या संक्रांतीनंतर तिचे वडील वारले. पंधरा दिवसांनी शोभा उस्मानपुऱ्यात माझ्या घरी आली, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "अण्णांना दाखवायचं राह्यलं. आता मला तरी दाखवा." प्रत्यक्ष जागेवर अजूनही सामान्य माणसाला जाऊ देत नाहीत. पण गावात खाणीचं आणि फौजेचं मिळून एक संग्रहालय निघालंय आणि त्यात सुदामचं नाव आहे, हे तिनं कुणाकडून तरी काढलं होतं. आता कारण सांगायला तोंड नव्हतं. मनमाडला गाडी बदलली, पुढं आणखी एक गाडी, मग बस, असं करत आम्ही पोचलो.

तिला वाटायचं, दुःख होतं म्हणून दादा ती जागा टाळतात. दुःख होतंच. पण मी टाळत होतो ते भीतीनं. सुदाम कसा गेला याबद्दल सरकारी कागदावर जे लिहिलं आहे ते खरं नाही, आणि हे पक्कं माहीत असलेला माणूस जगात एकच होता. तो मी.

बरोबर दहाला कुलूप निघालं. कुलूप काढणारे पूनारामजी, वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला केशरी फेटा. पूर्वी ते इथल्या जिप्समच्या खाणीवर मजुरांचे मेट, म्हणजे मुकादम होते. खाण बंद पडली, तेव्हा तिच्या जुन्या ऑफिसात गावकऱ्यांनी हे संग्रहालय मांडलं आणि किल्ली यांच्याकडं दिली.

"फौजी हो?" त्यांनी माझ्या बुटांकडं बघून विचारलं.

"था."

"फौजी 'था' नहीं होता, साहब," ते म्हणाले आणि पुढं झाले.

दोनच खोल्या. डावीकडं खाण, उजवीकडं फौज. शोभा सरळ उजवीकडं गेली. मी डावीकडं वळलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

डाव्या खोलीत कुदळी होत्या, पहारी होत्या, कडा झिजून बोटांची वळणं पडलेली घमेली होती. उंटगाडीचं एक चाक भिंतीला टेकवलेलं. पांढऱ्या धुळीत माखलेल्या बायका-माणसांचे फोटो, हसणारे. जिप्समला इथं खड्डी म्हणतात, तिची ढेकळं काचेखाली ठेवलेली. आणि कोपऱ्यात, कमरेएवढा, चुन्यानं रंगवलेला एक दगड. त्यावर काळा आकडा, नऊ. आकड्याखाली लाल रंगाचा बाण. बाण फिका झाला होता, पण त्याची कड अजून सरळ होती. दगडाच्या पायाशी पुठ्ठ्यावर हिंदीत लिहिलं होतं, 'खान की सीमा का पत्थर'.

तो बाण सुदामनं काढलेला होता. माझ्या हुकमावरून, माझ्यासमोर.

आता मागचं सांगतो.

आमची इंजिनिअर कंपनी त्या हिवाळ्यात इथं उतरली. सरहद्दीवर तणाव होता, लढाई होईल असं वाटत होतं. मी हवालदार होतो, वय एकतीस. सुदाम लान्स नायक, वय सव्वीस. दोघंही देवगाव रंगारीचे. गावात आमची नऊ एकर जमीन, विहीर बागायत. सुदामच्या घरी बांधाएवढीसुद्धा जमीन नव्हती. त्याचे वडील, अण्णा, लोकांच्या शेतावर कामाला जात. आमच्याही शेतावर येत. गावात मी त्याला फारसा ओळखत नव्हतो, खरं सांगायचं तर ओळखायची गरज वाटली नव्हती. फौजेत एका तंबूत आलो. मग एका ताटात जेवलो. त्याच्या बहिणीनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी मी त्याच्याशी भांडलो आहे.

आमचं काम माईन पेरायचं. खूप माईन पेरल्या. पेरताना सगळ्यात महत्त्वाचा असतो तो कागद. कुठल्या पक्क्या खुणेपासून, कंपासच्या कुठल्या रोखानं, किती मीटरवर पहिली रांग सुरू होते, ते त्यावर लिहायचं. कारण आज पेरलेलं उद्या कुणाला तरी काढायचं असतं. खूण पक्की हवी. झाड चालत नाही, झोपडी चालत नाही. वाळवंटात तर टेकडीसुद्धा चालत नाही, वारा ती उचलून दुसरीकडं ठेवतो.

आमच्या भागात जिप्समची खाण होती, तणावामुळं बंद ठेवलेली. तिच्या हद्दीवर चुना लावलेले दगड होते. मी नऊ नंबरचा दगड खूण म्हणून धरला. कंपनी कमांडरनी विचारलं, "पक्का है?"

मी म्हणालो, "साहब, हद का पत्थर है. इससे पक्का क्या होगा?"

हे मी मनापासून बोललो. आमच्याकडं हद्दीच्या दगडाला कुणी हात लावत नाही. भावाभावांची डोकी फुटतात, कोर्टात दोन पिढ्या जातात, पण दगड जागचा हलत नाही. मी ते बघत वाढलो होतो. खाणीवाल्यांना विचारायला हवं होतं, पण विचारायचं काय त्यात, असं वाटलं. सुदामनं लाल रंगानं दगडावर बाण काढला, जमिनीपासून बरोबर एक वीत वर. त्याचा हात चांगला होता. दुसरी खूण म्हणून खाणीची सिमेंटची पाण्याची टाकी घेतली, दूर टेकाडावरची. नियम असा की काम सुरू करताना दोन्ही खुणांवरून मेळ घालायचा.

लढाई झाली नाही. उन्हाळ्यात हुकूम आला, माईन काढा.

काढायचं काम पेरण्याहून वाईट. पहाटे उजेड फुटला की सुरू, अकराला बंद, त्यानंतर वाळू हात भाजते. त्या दिवशी आमची सहा जणांची पार्टी होती. पाच पन्नासला दगडापाशी पोचलो. वारा होता, धूळ उडत होती, टाकी दिसत नव्हती. कागदाप्रमाणे दगडापासून पश्चिमेला एकशे चाळीस मीटरवर लोखंडी खुंटी, तिथून पहिली रांग. खुंटीपर्यंतची जमीन मोकळी. मोकळ्या जमिनीत दोन्ही बाजूंनी पांढरी टेप टाकत जायचं आणि त्या दोन टेपांच्या आतून चालायचं. टेपच्या बाहेर पाऊल नाही. हे रिक्रूटला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि त्यानंतर मरेपर्यंत.

सुदाम दगडापाशी उकिडवा बसला. म्हणाला, "साहेब, हा दगड हललाय वाटतं."

"कशावरनं?"

"बाण मी एक वीत वर काढला होता. आता जमिनीला टेकलाय."

"वाळू चढली असंल."

"चढली असंल. पण टाकी दिसंपर्यंत थांबू का? अर्ध्या तासात धूळ बसंल."

अर्धा तास. अकराच्या आत एक पूर्ण रांग काढून द्यायची होती. शेजारची पार्टी आमच्या पुढं होती, तिचा हवालदार आदल्या दिवशी मला टोमणे मारून गेला होता. दोन महिन्यांनी माझं प्रमोशन बोर्ड होतं. ही सगळी कारणं आहेत. पण मी सुदामला यातलं एकही सांगितलं नाही. मी हसून म्हणालो, "हद्दीचा दगड कधी हलतो का रे? बांध असता तर कळलं असतं तुला. आम्हा शेतीवाल्यांना विचार."

बाकीचे हसले. सुदामही हसला. म्हणाला, "व्हय साहेब. आपल्याला कुठलं शेत."

आणि टेपचं रीळ घेऊन पुढं निघाला.

मी कंपास धरून मोजमाप देत होतो. तो पुढं, मी त्याच्या मागं नऊ-दहा मीटरवर. मी रोख सांगायचो, तो टेप टाकायचा. एकशे तीस मीटरच्या आसपास तो थांबून खुंटी शोधत होता. म्हणाला, "दिसंना." मी म्हणालो, "गाडली गेली असंल. अजून दहा मीटर जा." तो तीन पावलं गेला.

सहा सदतीस.

स्फोटाची धूळ खाली बसायला वेळ लागला. मी सगळ्यांना जागेवर उभं केलं. वायरलेस सेट घेतला, त्यावर आमच्या पार्टीचा नंबर थ्री, कंपनीचा टू.

"टू, टू, थ्री बोल रहा हूँ. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"थ्री, टू. कौन? ओव्हर."

"लान्स नायक सुदाम. ओव्हर."

"वहाँ तो जमीन साफ है. ओव्हर."

मी सेट खाली ठेवला.

त्याच्यापर्यंत नऊ मीटर होते. पळत जाता येत नाही. पोटावर पडून, लोखंडी सळईनं पुढची वीतभर वाळू टोचत जायचं. चौदा मिनिटं लागली. वाटेत एक माईन सळईला लागली, जिथं माझ्या कागदाप्रमाणे काहीच नव्हतं. सुदाम शुद्धीवर होता. पायाकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. टेप तुटून इकडं तिकडं उडाली होती.

"साहेब, मी टेपच्या आतच होतो ना?"

"व्हय."

"पाय चुकला नाय ना माझा?"

"नाय रे. नाय चुकला."

त्यानं मान हलवली. स्ट्रेचर सात पाचला आलं. गाडीपर्यंत पोचायच्या आत, सात वीसला, तो गेला. शेवटपर्यंत त्यानं दगडाचं नाव काढलं नाही. 'मी म्हणलं होतं' असं एकदा जरी म्हणाला असता तरी मला बरं वाटलं असतं.

दुपारी धूळ बसली. टाकी दिसू लागली. मी एकटा दगडापाशी गेलो आणि टाकीवरून मेळ घातला. दगड बारा मीटर पुढं, माईनांच्या बाजूला आलेला होता. दुसऱ्या दिवशी मी सुरुवात बारा मीटर मागून धरली. वाळू उकरली तशी खुंटी निघाली, आणि बाकीचं काम पुरं झालं. बाकी कुणाला खरचटलंही नाही. बारा मीटर का, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी आठ दिवसांनी बसली. मेजर साहेबांनी विचारलं, "टेप के अंदर था या बाहर?"

मी सावधानमध्ये होतो. म्हणालो, "टेप टूट गया था, सर. कह नहीं सकता."

एवढंच. बाकीच्या चौघांना कुणी विचारलं नाही. पुढचं त्यांनी लिहिलं. साफ जमिनीत माईन नसते, म्हणजे जवान टेपच्या बाहेर गेला असणार. टेपच्या बाहेर पाय पडल्यानं मृत्यू, जवानाचा स्वतःचा निष्काळजीपणा. मी त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. दोन महिन्यांनी मी नायब सुभेदार झालो. छाती भरून यावी असा तो दिवस होता. मी कुणाला मिठाई वाटली नाही.

चौकशीच्या आधी शवपेटी घेऊन गावी मीच आलो होतो; टेपच्या बाहेर पाय पडला ही कंपनीतली कुजबुज माझ्याआधी पोचली होती. सगळं आटोपल्यावर अण्णा माझ्याजवळ आले. कामाला येणारा माणूस उभा राहतो तसे दोन हात लांब उभे राहिले. म्हणाले, "साहेब, पोराचा पाय चुकला म्हणत्यात. खरं का?"

"अण्णा, फौजेत असं होतं."

"तसं नाय. पाय चुकला का?"

मी खाली बघितलं. त्यांनी ते उत्तर समजून घेतलं. म्हणाले, "आमच्या घरात पाय चुकत नसतो, साहेब. जल्मभर दुसऱ्याच्या बांधावरनं चाललो. तसं चालणाऱ्याला पाय जपूनच टाकावा लागतो."

दर वर्षी सुदामच्या दिवशी, तो गेला त्या तारखेला, मी त्यांच्या घरी जायचो. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी सुदामचा फोटो, समोर मेणबत्ती. अण्णा मला जेवू घालायचे आणि जेवण झालं की हळूच विचारायचे, "साहेब, काही कळलं का?" तेवीस वर्षं विचारलं. गावात कुणाचं काही बिनसलं की लोक म्हणायचे, 'सुदामासारखा पाय चुकला गड्याचा.' अण्णांच्या देखत म्हणायचे. मी ते ऐकत होतो. गेल्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही अण्णा, काही नाही कळलं." सांगू शकलो असतो. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. याची माफी मला आता कुणी देऊ शकत नाही.

"दादा, इकडं या."

शोभाची हाक उजव्या खोलीतून आली. मी गेलो. तिथं तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या, एक जुना वायरलेस सेट, माईनच्या कुंपणावरच्या लाल तिकोनी पाट्या. भिंतीवर या भागात गेलेल्या जवानांची यादी, काचेत. शोभाचं बोट एका ओळीवर होतं. 'लान्स नायक सुदाम साळवे, महाराष्ट्र. माइन हटाते समय टेप के बाहर पैर पड़ने से.'

"नाव लिहिलं ते लई बरं केलं," ती म्हणाली. "पण हे खालचं. बाकी कुणाच्याच खाली असं लिहिलेलं नाय. अमका शूरपणे, तमका लढताना. अन् आमच्याच माणसाची चूक तेवढी भिंतीवर." तिचा आवाज चढला नव्हता. "दादा, तुम्ही सुभेदार होतात. यांना सांगून तेवढी ओळ तरी काढायला लावा."

मी म्हणालो, "शोभा, त्या खोलीत चल."

तिला दगडापाशी आणलं. पूनारामजी मागोमाग आले. मी त्यांना विचारलं, चोवीस वर्षं उशिरा विचारलं, "ये पत्थर अपनी जगह से हिलता था क्या?"

ते हसले. "साहब, ये तो चलता पत्थर है. खड्डी निकलती जाए, खान आगे बढ़ती जाए, तो पत्थर भी आगे. हर बार हम ही उखाड़ते, हम ही गाड़ते. उस साल फौज ने बीच में थोड़े दिन खान खोलने दी थी, तब भी सरकाया था. किसी ने पूछा ही नहीं."

"हां," मी म्हणालो. "किसी ने नहीं पूछा."

मग शोभाला सगळं सांगितलं. वर लिहिलं तसंच, त्याच क्रमानं. बाण त्यानं काढलेला, बाण जमिनीला टेकला हे त्यानं पाहिलं, टाकी दिसू द्या म्हणाला. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. बांध असता तर कळलं असतं तुला. हे वाक्यही गाळलं नाही. "तो टेपच्या आतच होता, शोभा. टेपच चुकीच्या जागी होती. आणि टेपचं माप माझं होतं."

ती दगडाकडं बघत होती. खाली बसली आणि त्या बाणावर बोट ठेवलं. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"माझ्या दुकानात माप चुकलं," ती म्हणाली, "तर मी कापडाला बोल लावत नाय, दादा. तुम्ही चोवीस वर्षं कापडाला बोल लावू दिला."

"व्हय."

"मला आता सांगितलं. अण्णांना काहून नाय सांगितलं?"

फौजेत कारण विचारलं की एकच उत्तर शिकवतात, 'गलती हो गई, सर.' तेच आठवलं, आणि ते तिथं बोलायची लाज वाटली. "भ्यालो," मी म्हणालो. "लोक माझ्याकडं कसं बघतील याला भ्यालो."

"अण्णांकडं कसं बघायचे ते दिसलं नाय का तुम्हाला?"

"दिसलं."

ती उठली. पदरानं बोटाचा चुना पुसला. "इथं चार भिंतींत मला सांगून मोकळं नका होऊ. गावात सांगा. तुमच्या भावकीसमोर सांगा. शेताचं बोलला ते पण सांगा." मग पूनारामजींकडं वळून म्हणाली, "भैया, ये पत्थर उधर लेना है. मेरे भाई के नाम के नीचे."

पूनारामजींना मराठी कळत नव्हती, पण काय घडलं ते कळलं होतं. त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला आणि पहार घेऊन आले. मी आणि त्यांनी, दोघा म्हाताऱ्यांनी, दगड कलता करून गोल गोल फिरवत दुसऱ्या खोलीत नेला. दाराच्या उंबऱ्यावर तो अडला, तेव्हा शोभानंही हात लावला. बाण लोकांकडं येईल असा उभा केला. यादीतली ओळ खोडायचा अधिकार पूनारामजींना नव्हता. समितीला विचारावं लागेल म्हणाले. पण दगडाखाली नवीन पुठ्ठा लावायला हरकत नव्हती. त्यांनी मला खडूसारखी जाड पेन्सिल दिली. मी हिंदीत लिहिलं, माझं नाव, माझा रँक, आणि काय झालं ते. शेवटी सही केली. चोवीस वर्षांपूर्वी जी केली होती तीच सही.

परत आल्यावर रेजिमेंटला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, मोजमापांसकट. उत्तर अजून आलेलं नाही. येईल ते येईल, शिक्षा असेल तर तीही येऊ दे.

मंगलला गाडीतच सांगितलं होतं. मनमाड आल्यावर म्हणाली, "तरीच. त्यांच्याकडनं जेवून आलात की रात्री घरी जेवत नव्हता."

सुदामचा दिवस गेल्या महिन्यात होता. देवगाव रंगारीला बुद्धविहाराच्या अंगणात दरवर्षीप्रमाणं तीस-चाळीस माणसं जमली. या वेळी मी माझी भावकीही बोलावली होती. घरोघर जाऊन बोलावली. पंधरा-सोळा जण आले. त्यातल्या काहींनी त्या अंगणात पहिल्यांदाच पाय ठेवला, आणि बसायचं कुठं ते न कळून कडेलाच उभे राहिले. शोभानं पाणी फिरवलं. माझे चुलतभाऊ बापू, वयानं माझ्याहून थोरले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "झाकली मूठ होती रे दत्ता. उघडतो काहून? आपलंच नाव जाईल."

"आपलं जाऊ द्या बापू. त्याचं लई दिवस गेलंय."

बापू काठी घेऊन निघून गेले. बाकीचे थांबले.

मी गणवेश घातला नव्हता. तो घालायचा हक्क त्या दिवशी वाटला नाही. साध्या शर्टात लोकांसमोर उभा राहिलो, सावधानमध्ये, आणि सुरुवात केली. "माझ्या गावकऱ्यांनो," एवढं म्हणालो आणि शोभानं मला थांबवलं.

"इकडं नाय, दादा. अण्णांकडं बघून सांगा."

सुदामच्या फोटोशेजारी या वर्षी अण्णांचा फोटो होता. जत्रेत काढलेला, डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी लोकांकडं पाठ केली. अण्णांकडं तोंड केलं. त्यांच्यापासून दोन हात लांब उभा राहिलो, ते माझ्यापासून उभे राहायचे तेवढाच.

"अण्णा," मी म्हणालो, "कळलं."

मग सगळं सांगितलं. चार मिनिटं लागली असतील.

लान्स नायक सुदाम साळवे. वय सव्वीस. मुक्काम पोस्ट देवगाव रंगारी. दगड हललाय, हे त्यानं सांगितलं होतं. त्याचा पाय चुकला नव्हता. तो टेपच्या आत होता.